उसने कान

माझी आई आमटीला उकळी आली, की चमच्यातला थेंब तळहातावर घ्यायची, चाखायची आणि तरीही मला हाक मारायची, ‘‘बघ रे, मीठ बरोबर झालंय का?’’ तासभर फोडणीच्या वासात उभं राहिल्यावर आपल्या जिभेवर विसंबायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती, ती मला कळायला मात्र चाळिशी उलटावी लागली. ‘आमटी कशी झालीय?’ असं ती कधी विचारत नसे. मिठाचं विचारायची.

मी संगीतकार नव्हे. शारजाला एका कंपनीत हिशेबाचं काम करत असताना फावल्या वेळात संगणकावर गाणी जुळवायचा नाद लागला, एवढंच. २०१७ च्या हिवाळ्यात मी एक ट्रॅक केला. खाली डबस्टेपचा ठेका आणि बास, वर एका बाईंचा अरबी आवाज. तो मी अकरा जणांना ऐकवला आणि विचारलं, ‘‘कसा वाटला?’’ नऊ जण म्हणाले, ‘‘भारी!’’ दहावा म्हणाला, ‘‘वेगळंच काहीतरी आहे.’’ अकराव्यानं विषय बदलला. आता वाटतं, त्यातल्या त्यात प्रामाणिक अभिप्राय त्या अकराव्याचाच होता.

डबस्टेप म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. २००० सालाच्या आसपास दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडन भागात हा प्रकार आकाराला आला. तिथल्या ‘बिग ॲपल’ नावाच्या रेकॉर्डच्या दुकानाभोवती वावरणारी स्क्रीम, बेंगा ही तेव्हाची पंधरा-सोळा वर्षांची पोरं घरच्या संगणकावर, बेंगा तर खेळाच्या प्लेस्टेशनवरसुद्धा, संगीत जुळवत होती. लय मिनिटाला सुमारे १४० मात्रांची. पण जोरकस ठोका चारांतल्या तिसऱ्या मात्रेवर एकदाच पडतो, म्हणून ऐकणाऱ्याला ती ७० चीच वाटते. ठाय लयीत तबला चालू असावा आणि कुणी वर दुगुनीत झांज धरावी, तसं काहीसं. या सगळ्याच्या तळाशी बास. तो कानापेक्षा छातीला जास्त कळतो. त्याच्याच वरच्या अंगाला ‘वॉबल’ असतो. तोंडावर तळहात धरून उघडझाप करत लांब ‘आ’ म्हणून पाहा, म्हणजे वॉबल कळेल. २०१० नंतर अमेरिकेत स्क्रिलेक्सनं या वॉबलला किंचाळायला लावलं आणि २०१२ साली तीन ग्रॅमी मिळवले. मला मात्र तो जुना, काळोखा लंडनी प्रकारच आवडतो.

आवाज होता माझ्या एका सहकाऱ्याच्या आईचा. माणसं सीरियातल्या अलेप्पोची. अरब जगात अलेप्पो हे गाण्याच्या दर्दी लोकांचं शहर. तिथल्या ‘कुदूद’ या गायनप्रकाराची २०२१ साली युनेस्कोनं आपल्या वारशाच्या यादीत नोंद केली. २०१२ साली लढाई शहरात शिरली आणि या बाई सीमेपलीकडे, तुर्कस्तानात गाझियान्तेपला गेल्या. तिथल्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी मुलासाठी फोनवर एक मव्वाल म्हणून पाठवला. मव्वाल म्हणजे ठेक्याशिवाय, आलापाच्या अंगानं जाणारं गाणं. सहकारी मला म्हणाला, ‘‘याचं काहीतरी कर. माझी मुलं आजीचं हे असं ऐकणार नाहीत. तुझ्या त्या धडधडीबरोबर कदाचित ऐकतील.’’

म्हणजे ‘भारी’ ऐकून गप्प बसण्यातला हा मामला नव्हता.

लंडनची ती पोरं अभिप्राय कसा मिळवत, हे पाहण्यासारखं आहे. नवा तुकडा तयार झाला, की ते तो दक्षिण लंडनच्या ‘ट्रान्झिशन’ स्टुडिओत नेऊन त्याची डबप्लेट कापून घेत. डबप्लेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर असलेली एकुलती एक रेकॉर्ड. पाचपन्नास वेळा वाजवली की झिजायला लागते. ही पद्धत जमैकाची. तिथले साउंड सिस्टीमवाले रेकॉर्ड बाजारात आणण्याआधी अशी एक प्रत गर्दीसमोर वाजवून बघत. लंडनमध्ये २००१ पासून ‘फॉरवर्ड’ आणि २००५ पासून ब्रिक्स्टनला ‘डीएमझेड’ अशा रात्री भरायच्या. तिथं प्रचंड स्पीकरांसमोर ती प्लेट वाजायची. ‘कसं वाटलं’ असं कुणी कुणाला विचारायचं नाही. आवडलं तर गर्दी ओरडायची आणि डीजे रेकॉर्ड हातानं मागं फिरवून पहिल्यापासून लावायचा. नाही आवडलं तर पोरं बाहेर सिगारेट ओढायला जायची. आपल्या संगीत नाटकातला ‘वन्समोअर’ यापेक्षा वेगळा नव्हता. बालगंधर्वांच्या नाटकांना वन्समोअरपायी पहाट व्हायची. उम्म कुल्सूम यांच्या कैरोतल्या गुरुवारच्या मैफली रेडिओवरून सगळ्या अरब जगात ऐकल्या जात, तिथंही श्रोते एकेक ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावत आणि एक गाणं तासावर लांबायचं.

माझ्याजवळ क्लब नव्हता. एका मित्राची गाडी होती. तिच्यात ट्रॅक लावला आणि नंबरप्लेट खडखडायला लागली. मित्र म्हणाला, ‘‘अरे, बाई कुठायत? मला नुसता बास ऐकू येतोय.’’ घरी तर मला बास कमी वाटत होता, म्हणून मी तो वाढवत नेला होता! हा घोटाळा सोडवायला मोजपट्टी लागली. माझ्या बासचा मूळ स्वर पांढरी पाचमधला खर्ज, सेकंदाला ४९ कंपनं. त्याची ध्वनिलहर सुमारे सात मीटर लांब. माझी खोली साडेतीन मीटरची, म्हणजे बरोबर निम्मी. अशा खोलीत तो स्वर दोन भिंतींमध्ये अडकून झोके घेतो. भिंतीपाशी घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. माझी खुर्ची मधोमध होती. त्यात शेजारी झोपलेले, म्हणून मी रात्री आवाज बारीक ठेवून काम करायचो. आणि आवाज बारीक असला की माणसाचा कान मधल्या स्वरांपेक्षा खालच्या स्वरांना जास्त बहिरा होतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे १९३३ सालीच मोजून मांडलं आहे. खोली आणि कान, दोघंही माझ्याशी खोटं बोलत होते. मी खुर्ची हलवली, बास उतरवला.

(या भाषणाच्या वेळी ट्रॅकचे वीस सेकंद वाजवायचे ठरले होते. मी नको म्हटलं. खिशातल्या रेडिओचा स्पीकर हा बास वाजवूच शकत नाही. श्रोत्यांना नुसती टकटक ऐकू आली असती.)

मग सुराचा प्रश्न आला. ध्वनिमुद्रणातला जाणकार असलेला एक तरुण ओळखीचा होता. तो म्हणाला, ‘‘बास उत्तम. बाई बेसूर आहेत. ऑटो-ट्यून लाव.’’ १९९७ साली आलेलं हे तंत्र गायकाचा स्वर ओढून जवळच्या ‘बरोबर’ स्वरावर नेऊन बसवतं. मी लावलं. आवाज गुळगुळीत झाला, मला बरा वाटला. सहकाऱ्यानं ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, ‘‘माझी आई कधीच बेसूर नव्हती. आत्ता झाली.’’

बाई गात होत्या तो मकाम बयाती. त्यातला दुसरा स्वर आपल्या कोमल रिषभ आणि शुद्ध रिषभ यांच्या साधारण मधोमध बसतो. पेटीला किंवा संगणकाच्या बारा पट्ट्यांना तो ठाऊकच नाही. ऑटो-ट्यून त्याला कधी वर ढकलत होतं, कधी खाली. ज्यांनी श्रुतींचे वाद ऐकले आहेत, त्यांना हे नवं नाही. १९४० साली आपल्या रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती याच कारणावरून. कैरोला १९३२ साली अरब संगीताची मोठी परिषद भरली होती, बार्टोक आणि हिंडेमिट हे युरोपीय संगीतकारही होते. सप्तकाचे सारखे २४ भाग मानावेत का आणि पियानोला अरब संगीतात जागा द्यावी का, यावर तिथं वाद झाले आणि सप्तकाबाबत एकमत काही झालं नाही. तो वाद शारजातल्या माझ्या खोलीत येऊन बसला होता. भरीस भर म्हणजे डबस्टेपला षड्जावरून कोमल रिषभावर जाणारा बास फार प्रिय आहे, त्यानं काळोखी येते. मीही तेच केलं होतं. बाई मधल्या रिषभावर न्यास करायच्या आणि खालून माझा वॉबल कोमल रिषभ रेटायचा. ऑटो-ट्यून काढलं. बास षड्ज, मध्यम आणि कोमल निषाद यांवरच ठेवला आणि रिषभ पूर्ण त्यांच्यावर सोपवला. त्या तरुणाचा कान खोटा नव्हता, काहीतरी खुपतंय हे त्यानं अचूक पकडलं होतं. फक्त कोण बेसूर आहे, ते त्याला उलटं कळलं होतं. अभिप्राय देणाऱ्याला दुखतंय कुठं, ते बहुधा नीट कळतं. औषध मात्र तो आपल्या सवयीचं सांगतो.

तिसरा फटका शब्दांचा. बाई मुळात पांढरी दोनमध्ये गायल्या होत्या. तिथला खर्ज माझ्या स्पीकरांना झेपेना, म्हणून मी आवाज पाच अर्धस्वर वर चढवून पांढरी पाचला आणला होता. ट्रॅकमध्ये एक शब्द घोळून घोळून येतो, ‘क़ल्बी’, म्हणजे माझं हृदय. यातला क पडजिभेपाशी निघतो. अलेप्पोचे लोक एरवी बोलताना तो गिळतात, पण मव्वालातल्या ग्रांथिक शब्दात बाईंनी तो स्वच्छ म्हटला होता. सहकाऱ्याची दहा वर्षांची मुलगी ऐकता ऐकता खुदकन हसली. आपल्या साध्या क सारखा उच्चार झाला की ‘कल्बी’चा अर्थ होतो माझा कुत्रा. आजी आर्त सुरात ‘माझा कुत्रा, माझा कुत्रा’ म्हणत होती! साधेपणानं आवाज वर चढवला, की स्वराबरोबर तोंडाच्या पोकळीची घुमही वर सरकते आणि मागचा जाड ‘अ’ पुढचा, पातळ ऐकू येतो. अरबी कान या दोन क मधला फरक बराचसा शेजारच्या ‘अ’वरून ओळखतो. मला तो फरक दोनशे वेळा ऐकूनही कळला नसता.

अनोळखी भाषेतला आवाज नुसता गोड लागला म्हणून उचलणाऱ्यांनी इथं जपून राहावं. ब्रायन इनो आणि डेव्हिड बर्न यांनी १९८१ साली एका अल्बममध्ये कुराणपठणाचा तुकडा वापरला होता. ब्रिटनमधल्या इस्लामी संघटनेनं हरकत घेतल्यावर पुढच्या आवृत्त्यांतून तो काढावा लागला. २००८ साली सोनीच्या एका व्हिडिओ गेमचं प्रकाशन ऐन वेळी लांबलं, कारण पार्श्वभूमीच्या गाण्यात कुराणातली वचनं निघाली. पठण म्हणजे संगीत नव्हे, हे मानणाऱ्यांच्या दृष्टीनं ठेक्यावर ते ऐकणं क्लेशाचं असतं. माझ्याकडे अर्थ सांगायला घरचीच माणसं होती, म्हणून माझं हसण्यावर निभावलं.

आवाज परत पांढरी दोनला उतरवला. बास ७३ कंपनांवर आणावा लागला, त्याचं थोडं वजन गेलं. ते मला अजून सलतं.

एव्हाना मी ‘कसं वाटलं’ विचारणं सोडलं होतं. पाच जणांना कागद-पेन्सिल दिली आणि सांगितलं, लक्ष उडालं की मिनिट-सेकंद लिहा, दुसरं काही लिहू नका. तिघांनी एक मिनिट पन्नासच्या आसपासची वेळ लिहिली. तिथं माझा सगळ्यांत लाडका भाग होता, सोळा आवर्तनं नुसता वॉबल, सत्तावीस सेकंद. तीन रात्री घालवल्या होत्या त्यावर. निम्मा कापला.

शेवटी ट्रॅक गाझियान्तेपला गेला. बाईंनी तो फोनच्या स्पीकरवरच ऐकला, त्यामुळे माझा बास त्यांच्या लेखी नव्हताच. त्यांना फक्त त्यांचा आवाज आणि वरची टकटक ऐकू आली. दोन दिवसांनी निरोप आला. रिषभाबद्दल तक्रार नव्हती, शब्दांबद्दल नव्हती. त्यांनी विचारलं होतं, ‘‘माझा श्वास कुठं गेला?’’ ओळी मात्रांत बसवताना मी मधले श्वास कापले होते. स्वच्छ ध्वनिमुद्रणाची रीतच आहे ती. त्यांचं म्हणणं, श्वास घेतल्याशिवाय पुढची ओळ का आली ते ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि तो ढोल मी संपवेपर्यंत थांबू शकत नाही का?

मी मूळ फाईल काढली. श्वास परत जागच्या जागी ठेवले, पहिली ओळ अजिबात न कापता, तिच्या चालीनं जाऊ दिली. ठेका नाही, बास नाही, मागं स्वयंपाकघरातला भांड्याचा एक आवाज आहे, तोही राहू दिला. ओळ संपते तिथं पहिला ठोका पडतो. ट्रॅक आता चार मिनिटं बारा सेकंदांचा झाला आहे. तरुण मंडळी म्हणतात, बास फार उशिरा येतो. सहकाऱ्याची मुलगी मात्र ठोका पडायच्या आत आजीबरोबर श्वास घेते.