खाऱ्या पाण्याच्या लहान पेटींतील सोबती

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, माणिकगडच्या डोंगरांवर वसलेलें जिवती हें गांव दोन्ही किनाऱ्यांपासून शंभर कोसांहून अधिक दूर आहे. तरीही समुद्र त्या मुलुखाला अगदींच परका नाहीं. पायथ्याच्या पट्ट्यांत ज्या चुनखडीच्या जोरावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले, ती कोट्यवधि वर्षांपूर्वीं समुद्राच्याच तळाशीं सांचलेली आहे. आज मात्र तेथें कडक उन्हाळा, जड पाणी आणि तेंही वैशाखांत दुर्मिळ. समुद्री मासे पाळण्यास याहून प्रतिकूल जागा शोधूं म्हटलें तरी सांपडणें कठीण. म्हणूनच ती उदाहरणादाखल घ्यावी. जिवतीच्या एखाद्या घरांत जी पेटी तग धरील ती नागपुरांत किंवा पुण्यांत सहज धरील.

मुंबईस १९५१ सालीं चौपाटीजवळ तारापोरवाला मत्स्यालय उघडलें आणि महाराष्ट्रांतील कित्येक कुटुंबांनीं जिवंत समुद्री मासा कांचेपलीकडे प्रथम पाहिला तो तेथेंच. पुढें २००३ च्या एका अमेरिकन चित्रपटानें नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊन मासा घरोघरच्या मुलांच्या ओळखीचा केला. तेव्हांपासून दुकानांत जाऊन रंग पाहून मासे निवडण्याची चाल पडली आहे. एक निळा, एक पिंवळा, एक पट्ट्यांचा असे आणावे, आणि महिन्याभरांत तिघांतला एकच उरावा, हा अनुभव इतका सर्रास आहे कीं दुकानदारही त्याला अपघात मानीत नाहीं. लग्न जुळवितांना घरचीं माणसें जेवढी चौकशी करतात तिच्या चौथाई चौकशीही माशांच्या बाबतींत झाली तर यांतले पुष्कळ मृत्यु टळतील.

पाण्याविषयीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते नुसतें स्वयंपाकाचें मीठ नव्हे. त्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार ठराविक प्रमाणांत मिसळलेले असतात. म्हणून मत्स्यपेटीसाठीं मुद्दाम तयार केलेलें मिश्रणच वापरावें. ८० लिटरच्या पेटीला तें सुमारें तीन किलो लागतें. चुनखडीच्या प्रदेशांतलें विहिरीचें किंवा बोअरचें पाणी या कामीं वर्ज्य. गाळणयंत्रांतून क्षार काढलेलें पाणी घ्यावें. नंतर मासे न सोडतां चार ते सहा आठवडे पेटी तशीच चालूं द्यावी. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया निघतो. कांहीं जिवाणु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे जिवाणु नायट्राइटचें बरेंच कमी घातक नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वसाहत दगडांवर आणि वाळूंत स्थिरावण्यास तेवढा काळ लागतोच. ज्यास तेवढा धीर नसेल त्यानें या छंदाच्या वाटेस जाऊं नये हें बरें.

आतां खरा विषय. ८० लिटरांत मासे किती? लहान जातीचे तीन, फार तर चार. समुद्रांतला मासा एखाद्या दगडाच्या कपारीवर मालकी सांगतो; पेटींत कपारी मोजक्या आणि पळून जाण्यास जागा नाहीं. समुद्रांत जें भांडण क्षणभर पाठलाग करून मिटतें, तेंच पेटींत हरलेल्या माशाच्या मरणापर्यंत चालतें.

पहिला मान क्लाऊन माशाचा. तो काटक आहे, बेताच्या आकाराचा आहे आणि पेटींतल्या पेटींत त्याची पैदासही होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनें त्याचें प्रजनन पूर्वींच साधलें आहे. समुद्रांतून पकडलेल्यापेक्षां पैदाशीचा मासा केव्हांही पत्करावा, कारण तो पेटीच्या पाण्यास आणि तयार अन्नास जन्मापासून सरावलेला असतो. फिलिपाईन्सच्या बाजूस १९६० नंतर सायनाईडनें मासे गुंगवून पकडण्याची वाईट रीत पडली. तसा मासा दुकानांत ठणठणीत दिसतो आणि कांहीं आठवड्यांनीं विनाकारण मेल्यासारखा मरतो.

क्लाऊन माशाच्या संसाराची रीत मोठी विलक्षण आहे. सगळीं पिल्लें आधीं नरच होऊं शकतात. गटांत जो सर्वांत मोठा व दांडगा, त्याची मादी होते. दुसऱ्या क्रमांकाचा तिचा नर. मादी मेली तर नराचीच मादी होते. यावरून खरेदीचा नियम आपोआप निघतो: दोन लहान पिल्लें, एक किंचित् मोठें, एकदमच आणावीं. दोन पूर्ण वाढलेले मोठे मासे आणले तर बहुधा त्या दोन माद्या निघतात, आणि एका घरांत दोन सत्ता नांदत नाहींत. समुद्रफुलावांचून क्लाऊन राहत नाहीं ही समजूत चुकीची आहे. समुद्रफुलाला प्रखर प्रकाश आणि पुष्कळ मुरलेली पेटी लागते. शिवाय तें जागा सोडून हिंडतें, पंपांत अडकून फाटतें आणि सगळें पाणी विषारी करतें. लहान पेटीच्या धन्यानें त्याचा मोह सोडावा.

डॅमसेल नांवाचे निळे किंवा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे स्वस्त मिळतात. ते फार चिवट म्हणून पेटीच्या परीक्षेसाठीं आधीं ते सोडावे असा सल्ला अजून दिला जातो. हा सल्ला दुहेरी वाईट आहे. मुक्या जिवाला अमोनियांत घालून पाण्याची परीक्षा घेणें हें एक. आणि जगलाच तर तो सगळ्या पेटीचा जहागीरदार होऊन बसतो व मागून येणाऱ्या प्रत्येकाचे पर कुरतडतो, हें दुसरें. मग त्याला बाहेर काढण्यासाठीं सगळे दगड उपसावे लागतात.

तिसरा सोबती म्हणून गोबी घ्यावा, आणि त्यांतही कोळंबीशीं भागीदारी करणारा. पिस्तुल कोळंबी म्हणून एक जात आहे. तिचा एक आंकडा दुसऱ्याहून फार मोठा असतो. तो मिटतांना असा टणत्कार होतो कीं रात्रीं पेटीची कांच तडकली असें वाटून घरचीं माणसें उठून बसतात. ही कोळंबी दिवसभर वाळू उपसून बीळ करीत असते, परंतु तिची दृष्टि अगदीं अधू. गोबीला बीळ खणतां येत नाहीं, पण नजर तीक्ष्ण. तेव्हां गोबी बिळाच्या तोंडाशीं पहाऱ्यास बसतो, कोळंबी कामास बाहेर येतांना आपली एक मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते, आणि धोका दिसतांच त्यानें शेपूट थरथरविलें कीं ती आंत जाते. फारच जवळ आला तर तोही पाठोपाठ आंत. हा देखावा पाहण्यासाठीं वाळूचा थर दोन-तीन इंच द्यावा, तींत बारीक खडे मिसळावे म्हणजे बीळ ढांसळत नाहीं, आणि मोठे दगड वाळूवर न ठेवतां पेटीच्या तळावर टेंकवावे. नाहीं तर ती दगडाखालीं पोखरते आणि दगड तिच्यावरच बसतो. गोबी घाबरून उडी मारतो, म्हणून पेटीवर जाळीचें झांकण हवें.

बिनकण्याच्या प्राण्यांची प्रकृति माशांहून निराळी असते हें पुष्कळांस ठाऊक नसतें. समुद्री माशाच्या शरीरांतील द्रव समुद्राच्या तिपटीनें कमी खारट. मासा खारें पाणी पितो आणि जास्तीचा क्षार कल्ल्यांवाटे टाकतो. गोगलगाय किंवा तारामासा यांना ही सोय नाहीं. बाहेरचा खारटपणा बदलला कीं आंतला बदलतो. म्हणून नव्या प्राण्याच्या पिशवींत पेटीचें पाणी थेंबाथेंबानें तास-दीड तास सोडीत जावें. दुसरी गोष्ट तांब्याची. माशांच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचें औषध देतात. तेंच औषध कोळंबी, खेकडे आणि गोगलगाई यांना ठार करतें. औषधोपचार करावयाचा तो वेगळ्या भांड्यांत.

एक सफाई-कोळंबी, शेवाळ खाणाऱ्या पांच-सहा गोगलगाई आणि तीन-चार लहान शंखवासी खेकडे एवढा परिवार पुरे. शंखवासी खेकडा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखांत राहतो आणि अंग वाढलें कीं मोठें घर शोधतो. तें न मिळाल्यास गोगलगाईला मारून तिचें घर बळकावतो. चार-सहा वाढत्या मापाचे रिकामे शंख वाळूवर टाकून ठेवले कीं बरेंचसें रक्तपात टळतो. कोळंबी कांत टाकते तेव्हां ती पारदर्शक कांत हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी दिसते. ती काढून टाकून शोक करण्यापूर्वीं दगडामागें पाहावें. लाल-पांढरी मुष्टियोद्धा कोळंबी देखणी खरी, पण ती इतर कोळंब्यांना जगूं देत नाहीं.

नकार कोणाला द्यावयाचा हें त्याहून महत्त्वाचें. सिंहमासा, ट्रिगर आणि फुगा मासा हे कोळंबीला अन्नच समजतात. निळा टँग १ फुटापर्यंत वाढतो. मँडरिन मासा जिवंत सूक्ष्म कवचधारींवर जगतो. लहान पेटींतला साठा तो लौकरच संपवतो आणि मग भरल्या पेटींत उपाशी मरतो. तारामाशाचीही बहुधा तीच गत. समुद्रघोडा, पोवळें आणि समुद्रकाकडी यांच्या बाबतींत तर कायदाच आडवा आहे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याच्या यादींत ते २००१ सालीं घातले गेले, तेव्हां दुकानदारानें चोरून दिले तरी घेऊं नयेत.

सोडण्याचा क्रम असा: आधीं गोगलगाई व खेकडे, मग गोबी व त्याची कोळंबी, नंतर सफाई-कोळंबी आणि सर्वांत शेवटीं क्लाऊनची जोडी. प्रत्येक टप्प्यामध्यें दोन-तीन आठवडे जाऊं द्यावे. शांत प्राण्यानें घर धरलें कीं मग दांडग्याला आंत घ्यावा.

चंद्रपुराकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो आणि या प्राण्यांना २४ ते २७ अंश मानवतात. तपमान जसें वाढतें तसा पाण्यांतला प्राणवायु घटतो. कोरड्या उन्हाळ्यांत पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला कीं घरच्या कूलरच्या न्यायानें पेटी कांहीं अंश निवते. पावसाळ्यांत हवा दमट असतांना हा उपाय चालत नाहीं. पण पंख्यानें पाणी उडतें, मीठ मात्र मागें राहतें. ८० लिटरांतले ८ लिटर उडाले कीं ३५ चा खारटपणा ३९ वर जातो. ती तूट रोजच्या रोज गोड्या पाण्यानेंच भरावी. कित्येकजण खारें पाणी ओततात आणि कोळंबी कां मेली म्हणून कोड्यांत पडतात. दर आठवड्यास सात-आठ लिटर पाणी बदलावें लागतें तें वेगळें. जिवतीच्या डोंगरावर वैशाखांत जेथें हंडाभर पाण्यासाठीं पायपीट पडते, तेथें हा हिशेब आधीं मांडावा आणि न जुळल्यास पेटी आणूंच नये. जुळलाच तर वीज गेल्यावर चालणारा, घटावरचा हवेचा पंप मासे आणण्यापूर्वीं विकत घ्यावा, मागाहून नव्हे.