फोटोतून मोजताना (भाग ६) : शिक्का किती रुंद?

गेल्या आठवड्यात जुना कागद उजेडासमोर धरून काय काय दिसतं ते पाहिलं. या आठवड्यात त्याच कागदाच्या फोटोवरून मापं घ्यायची आहेत. त्याची गरज का पडते, ते आधी पाहू.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी केली. त्याआधी, १८९८ पासूनच, राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने छापायला सुरुवात केली होती. छपाईमुळे पत्रांचा मजकूर सगळ्यांच्या हाती आला, पण कागद मात्र दप्तरातच राहिला. त्याची लांबी-रुंदी, त्याचे जोड, साच्याच्या रेघा, शिक्क्याचा आकार यांतलं काहीच छापील ओळींत उतरत नाही. चांगला फोटो ही उणीव भरून काढू शकतो. मात्र त्यासाठी फोटोत माप असावं लागतं.

एक प्रश्न घेऊ. वतनाच्या भांडणांत बनावट कागद हजर केले जात, हे मराठेशाहीच्या अभ्यासकांना नवं नाही. समजा, एकाच अधिकाऱ्याच्या शिक्क्याची दोन पत्रं आहेत. एक पुण्यात दप्तरात आहे, दुसरं एखाद्या गावी घरच्या पेटीत. दोन्ही उमटी एकाच शिक्क्याच्या आहेत का? कागद शेजारी ठेवता येत नाहीत, म्हणून फोटो शेजारी ठेवायचे. संगणकावर पहिली उमट ४१२ पिक्सेल रुंद भरते आणि दुसरी ३८८. यावरून शिक्के वेगळे ठरतात का? मुळीच नाही. कॅमेरा थोडा वर धरला की तोच शिक्का कमी पिक्सेलांत मावतो.

मराठेशाहीत जमीन काठीने मोजत. काठी पाच हात पाच मुठींची, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. पण हात कोणाचा, हे ठरल्याशिवाय बिघ्याला अर्थ नाही, म्हणून ठरीव लांबीची काठी लागे. पिक्सेलचंही तसंच आहे. त्याला स्वतःची लांबी नसते, ती प्रत्येक फोटोत नव्याने ठरवून द्यावी लागते.

यासाठी जगभर वापरली जाणारी एक मोफत आज्ञावली म्हणजे ‘इमेजजे’. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी ती लिहिली. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ती रोजच्या वापरात आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती न वापरण्याचं काही कारण मला दिसत नाही. काम सोपं आहे. फोटोतल्या पट्टीवर शून्यापासून शंभर मिलिमीटरपर्यंत सरळ रेघ ओढायची, ‘ॲनालाइझ’ या यादीतलं ‘सेट स्केल’ उघडायचं, ज्ञात अंतर म्हणून १०० आणि एकक म्हणून मिमी भरायचं. रेघ किती पिक्सेलांची आहे हे आज्ञावलीला ठाऊक असतंच. त्यानंतरचं प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये येतं.

आपल्या पहिल्या फोटोत १०० मिमीला १५६० पिक्सेल भरले, म्हणजे मिलिमीटरला १५.६. शिक्का २६.४१ मिमी. दुसऱ्या फोटोत १०० मिमीला १४७० पिक्सेल, शिक्का २६.३९ मिमी. फरक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका. इथे बहुतेक जण समाधानाने वही मिटतील, आणि खरा धोका इथेच आहे.

दुसरा फोटो नीट बघा. पत्र दोन सेंटिमीटर जाड बाडावर ठेवलेलं आहे आणि पट्टी शेजारी टेबलावर पडली आहे. कॅमेरा टेबलापासून ५० सेंटिमीटर वर होता. म्हणजे पट्टी ५० सेंटिमीटरवर आणि शिक्का ४८ वर. जवळची वस्तू मोठी दिसते, किती ते ५० भागिले ४८, म्हणजे चार टक्क्यांहून थोडं जास्त. शिक्क्याची खरी रुंदी २६.३९ नाही, २५.३ मिमीच्या आसपास आहे. दोन मापं जुळली होती ती केवळ पट्टीच्या जागेमुळे, आणि प्रत्यक्षात त्यांच्यात मिलिमीटरहून जास्त अंतर आहे. संगणकाने दशांशचिन्हापुढे दोन आकडे दिले म्हणून ते आकडे खरे ठरत नाहीत. आज्ञावलीला पट्टी कुठे होती हे कळत नाही, ते फोटो काढणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून पट्टी कागदाच्याच पातळीवर हवी. कागदाखाली जितकी जाडी, तितकाच जाड ठोकळा पट्टीखाली ठेवायचा. या सगळ्या लेखमालेतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

दुसरी चूक तिरपेपणाची. कागद दहा अंशांनी कलला, तर त्या दिशेची लांबी दीड टक्क्याने कमी भरते आणि आडवी लांबी जवळजवळ तशीच राहते. गोल शिक्का लंबगोल होतो. यासाठी एक पट्टी आडवी आणि एक उभी ठेवावी. प्रमाण आडव्या पट्टीवरून ठरवायचं आणि उभ्या पट्टीवरचे ५० मिमी मोजून बघायचे. ४९.३ आले, तर फोटो पुन्हा काढायचा. ज्या पट्टीवरून प्रमाण ठरवलं, तीच पुन्हा मोजून ‘बरोबर आलं’ म्हणण्यात काही अर्थ नाही, ते बरोबर येणारच. तपासणीला दुसरी ज्ञात लांबी लागते. ती फोटोच्या कोपऱ्याजवळ असेल तर अधिक चांगलं, कारण मोबाइलच्या भिंगाची वक्रता कडेलाच जास्त जाणवते.

पट्टी पोलादी घ्यावी. अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळते. घरच्या छपाईयंत्रावर काढलेली कागदी पट्टी वापरू नये, कारण पानात बसवण्यासाठी यंत्र चित्र गुपचूप लहान करतं. रुपयाचं नाणं ठेवणारेही पुष्कळ आहेत, पण कुठलं नाणं? १९९२ पासूनचं पोलादी नाणं २५ मिमीचं, २०११ चं सुमारे २२ चं, २०१९ चं २० चं. हाताशी काहीच नसेल तर एटीएम कार्ड ठेवा, त्यावरचा क्रमांक झाकून. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते ८५.६० मिमी लांब आणि ५३.९८ मिमी रुंद असतं. रेघ नेहमी लांब ओढावी. मिलिमीटरला १० पिक्सेल असतील आणि दोन्ही टोकांना एकेक पिक्सेल चुकला, तर १० मिमीच्या रेघेत दोन टक्के चूक येते, २०० मिमीच्या रेघेत टक्क्याचा दहावा भाग.

फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर त्याचे पिक्सेल कमी झालेले असू शकतात. मूळ फोटोवर ठरवलेलं प्रमाण मग त्याला लागू पडत नाही. पट्टी चित्रातच असली तर प्रमाण नव्याने काढता येतं. म्हणून पट्टी कापून ‘स्वच्छ’ केलेले फोटो बघितले की मला मनापासून वाईट वाटतं. इमेजजेत ठरवलेलं प्रमाण टिफ धारिकेत जपलं जातं, जेपेगमध्ये नाही. ‘ग्लोबल’ची खूण केली तर उघडलेल्या सगळ्या फोटोंना एकच प्रमाण लागतं. वेगवेगळ्या उंचीवरून काढलेल्या फोटोंसाठी ती खूण करूच नये.

आता शिक्क्याकडे परत. प्रमाण बिनचूक ठरलं तरी शाईची कड पसरलेली असते. २० मिमीच्या उमटीत दोन्ही बाजूंना मिलिमीटरचा विसावा भाग जास्त धरला, तरी क्षेत्रफळ एक टक्क्याने वाढतं. त्यामुळे बाहेरच्या कडेपेक्षा आतल्या दोन अक्षरांच्या उभ्या दांड्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजणं भरवशाचं. कागद दमट हवेत थोडा फुगतो, म्हणून ऑगस्टमधलं आणि एप्रिलमधलं माप तंतोतंत जुळावं असा हट्ट नको. अशा वेळी गुणोत्तरं उपयोगी पडतात. आतल्या दोन अंतरांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण कागद सारखा फुगला तर बदलत नाही, आणि त्याला पट्टीचीही गरज नसते. गुणोत्तरं वेगळी निघाली तर शिक्के वेगळे असण्याची शंका बळावते. गुणोत्तरं आणि मापं दोन्ही जुळली, तरी एवढंच म्हणता येतं की मापांवरून या दोन उमटी वेगळ्या करता येत नाहीत. पुढचा निर्णय अक्षराचं वळण, शाई, कागद आणि मजकूर यांवरून जाणकाराने घ्यायचा.

घरी जुनी मोडी पत्रं असतील तर फोटोसोबत एक चिठ्ठी जरूर जोडा. तारीख, कॅमेऱ्याची उंची, पट्टी कशावर होती आणि मोजणी कोणी केली, इतकं पुरे. मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचे आकडे न बघता करावी.

पुढच्या भागात सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी. तिथली पट्टी म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काच, आणि भिंग बदललं की प्रमाण पहिल्यापासून ठरवायचं.