सकाळी साडेआठचा पाऊस

पुण्यात रिक्षावाल्याला ‘भारत मौसम विज्ञान विभाग’ असा पत्ता सांगितला तर तो क्षणभर विचारात पडतो. ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की मीटर टाकून मोकळा होतो. १९२८ साली या खात्याचं मुख्यालय सिमल्याहून शिवाजीनगरच्या मनोऱ्याच्या इमारतीत आलं. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, पण पुणेकरांनी नाव काही सोडलं नाही. चौकालाही तेच लागलं. पुण्याबाहेर मात्र हे खातं सगळ्यांसाठी एकच, ‘वेधशाळा’. पेरणीआधी पारावर, लग्नाच्या मांडवात, लोकलच्या डब्यात ‘वेधशाळेनं काय सांगितलंय?’ हा प्रश्न असतो. सांगणं हेच जणू तिचं काम. मोजणं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

खात्याला दीडशे वर्षं झाली म्हणून संपादकांनी हा लेख मागितला. इतिहास थोडक्यात असा. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळानं झोडपलं, पुढे पाऊस हुकला, दुष्काळ पडले, आणि १८७५ मध्ये सरकारनं खातं उभारलं. हेन्री ब्लॅनफर्ड पहिले प्रमुख. हिमालयातल्या बर्फावरून पावसाळ्याचा अदमास बांधता येतो, हा त्यांचा विचार. १८८६ पासून तसे अंदाज नेमाने निघू लागले. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा गणिती आला. मान्सूनचं कारण शोधता शोधता त्यानं प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका हुडकला. आज गावोगाव ज्या एल निनोची धास्ती असते, तो समजण्याची वाट तिथूनच सुरू झाली. कुलाब्याची वेधशाळा तर खात्याहूनही जुनी, १८२६ सालची.

पण माझं मन गुंतलं ते स्वयंलेखी पर्जन्यमापकात. नरसाळ्यातून पाणी एका भांड्यात उतरतं, भांड्यातला तरंगता गोळा वर चढतो आणि त्याला जोडलेलं पेन शेजारच्या कागदावर रेघ ओढत जातं. कागद गुंडाळलेला असतो घड्याळाच्या यंत्रावर फिरणाऱ्या नळकांड्यावर; त्याचा एक फेरा चोवीस तासांचा. दहा मिलिमीटर पाऊस झाला की वक्रनलिकेतून भांडं आपोआप रितं होतं, पेन सरळ खाली शून्यावर येतं आणि पुन्हा चढू लागतं. रिमझिम असेल तर रेघ हळूहळू चढते, उघडीप असेल तर आडवी चालते. मुसळधार पावसात उभ्या रेघा इतक्या दाटीनं येतात की कागदावर करवतीचे दाते उमटतात. किती पडला एवढंच नाही, कसा पडला हेही तिथं वाचता येतं, आणि नाल्यापुलांची आखणी करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. दहा-दहाच्या हिशोबानं चौऱ्याण्णव वेळा भांडं रितं व्हावं इतका. त्याच वेळी कुलाब्यात झाला फक्त ७३.

या यंत्राशेजारी साधा पर्जन्यमापक असतो. त्याची कड जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंच, आणि जवळचं झाड किंवा भिंत स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. सकाळी साडेआठला निरीक्षक साठलेलं पाणी मोजपात्रात ओततो, डोळा पाण्याच्या पातळीला आणतो आणि पाण्याच्या वक्र कडेचा तळ वाचतो. मग आकडा नोंदवहीत. देशभर हीच वेळ, म्हणून काल दुपारपासून रात्रभर पडलेला पाऊस आजच्या तारखेला लागतो. दिवाळी असो की घरात आजारपण, साडेआठ चुकत नाही. या शिस्तीपुढे मी मनापासून नमतो. हवामानाची उपकरणं इथंच घडावीत म्हणून पुण्यात खात्याच्या शास्त्रज्ञ अण्णा मणी यांनी जवळपास शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात ठळक असायला हवं.

वेधशाळेची भाषाही मापाची आहे, आपण मात्र ती सैल ऐकतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर चौथाई केंद्रांवर. ‘जोरदार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे, २०४.५ पासून पुढे ‘अत्यंत जोरदार’. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. आपल्या गल्लीत ऊन पडलं की ‘वेधशाळा चुकली’ म्हणून आपण मोकळे.

शेतकऱ्याचा राग मात्र असा सहज बाजूला सारता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी वेधशाळेविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली: अंदाजावर भरवसा ठेवून पेरलं आणि पावसानं पाठ फिरवली. जूनआधीचा अंदाज असतो अख्ख्या देशाचा, चार महिन्यांच्या ८७ सेंटीमीटर सरासरीचा. ती सरासरी भरली तरी मधल्या तीन आठवड्यांच्या खंडात सोयाबीन करपायचं ते करपतंच. हे अंतर भरून काढायला जिल्हा पातळीवर कृषी हवामान कक्ष होते. पेरू का थांबू, फवारू का नको, हे ते आपल्या भाषेत सांगत. २०२४ मध्ये देशभरातले असे १९९ कक्ष बंद केले गेले. विद्यापीठांतले विभागीय कक्ष उरले, पण त्यांच्या एकेका पत्रकाखाली कितीतरी जिल्हे येतात. मला हा निर्णय सरळ चुकीचा वाटतो.

दुसरी काळजी मापाचीच. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी, आणि मग पंचनामा. मंडळातलं स्वयंचलित केंद्र राज्याच्या योजनेतलं असतं, सिमला ऑफिसचं नव्हे. पण बोल लागतो तो वेधशाळेलाच. अशा यंत्रात दोन कप्प्यांचा इवलासा झोका असतो: एक बाजू भरली की कलंडते, दुसरी भरू लागते, प्रत्येक कलंडणं मोजलं जातं. धो धो पावसात तो कमी मोजतो. नरसाळ्यात पालापाचोळा किंवा पाखराची विष्ठा अडकली तर मोजणंच थांबतं, आणि ते पाहायला रोज साडेआठला कुणी येत नाही. ‘वावरात गुडघाभर पाणी होतं, पण मंडळात पासष्ट भरले नाहीत’ ही तक्रार मग तहसीलच्या दारात येते. प्रत्येक मंडळात एक साधा पर्जन्यमापक आणि तो वाचायला मानधनावरचा एक माणूस ठेवायला किती खर्च येणार? निदान मे महिन्यात प्रत्येक नरसाळं साफ करून, मापानं पाणी ओतून, आकडा बरोबर येतो का हे गावकऱ्यांसमोर तपासावं.