शरदातील द्राक्षमळा आणि वाइनचा आस्वाद

शरद ऋतूत नाशिकच्या वाइन-द्राक्षांच्या मळ्यात पिकलेले घड दिसत नाहीत, कारण युरोपात जो काळ तोडणीचा असतो, तोच येथे गोडी छाटणीचा, म्हणजे फळासाठी काड्या मोजक्या डोळ्यांवर कापण्याचा असतो. उष्ण हवामानात वेलीला हिवाळी विश्रांती मिळत नसल्याने एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार केली जाते आणि पावसाळा ओसरल्यावर गोडी छाटणी होते. त्यामुळे तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या कोरड्या महिन्यांत येते आणि शरदात पेल्यात पडणारी वाइन आधीच्या हंगामातील असते.

आस्वादाची सुरुवात हलक्या, पांढऱ्या वाइनपासून करतात, कारण लाल वाइनमधील टॅनिन, म्हणजे साल व बियांतून उतरणारी तुरट द्रव्ये, जिभेवर रेंगाळून पुढची चव झाकतात. पेला दांड्याला धरून गोल फिरवला की गंधद्रव्ये मोकळी होतात. सोव्हिन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये अनेकदा ढोबळी मिरचीचा हिरवा वास स्पष्ट जाणवतो. पांढरी वाइन सुमारे 8 ते 12, तर लाल वाइन 15 ते 18 अंश सेल्सिअसला दिली जाते, कारण अतिथंडपणाने गंध दबतो आणि उष्णतेने अल्कोहोल उग्र भासते.

घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकणे ही आस्वादाची सर्वमान्य रीत आहे. मात्र परतीची गाडी न पिणाऱ्यानेच चालवावी.