तेकेन्यो कढईत फुटतो तो का?

व्हेनेझुएलातली पार्टी लग्नाची असो, बाप्तिस्म्याची असो की मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाची, तिथे तेकेन्योस नसतील तर पाहुणे घरी जाऊन नावं ठेवतात. बोटाएवढी पांढऱ्या खारट चीजची कांडी घ्यायची, तिच्याभोवती मैद्याची पट्टी गोल गोल गुंडाळायची आणि तळायची, एवढाच हा पदार्थ. गेल्या काही वर्षांत ७० लाखांहून जास्त लोकांनी तो देश सोडला आणि त्यांच्याबरोबर तेकेन्योही मायामी, माद्रिद, बोगोटाला गेला. अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या केटी गावात व्हेनेझुएलन वस्ती इतकी वाढली की लोक गमतीनं त्याला ‘केटीझुएला’ म्हणतात. त्या भागातल्या मराठी मंडळींना हा पदार्थ नवा नसावा.

बाकीच्यांना तो भेटतो मोबाइलवरच्या व्हिडिओत. दोन हातांनी तोडलेला तेकेन्यो आणि मध्ये लांबच लांब ताणलेली चीजची तार. त्या तारेनंच घोळ केलाय. बघणाऱ्याला वाटतं, हा चीजचा पदार्थ. माझ्या मते तो पारीचा पदार्थ आहे, आणि घरी करताना होणाऱ्या बहुतेक फजित्या हे ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

‘म्हणजे मोझरेला स्टिक्सच ना?’

नाही. मोझरेला स्टिकला अंड्यात बुडवून ब्रेडचा चुरा लावतात. ते आवरण पातळ, कोरडं आणि चवीला गौण असतं. तेकेन्योत मैदा, लोणी, अंडं, मीठ आणि चिमूट-दोन चिमूट साखर घालून रीतसर पीठ मळलेलं असतं, आणि तयार नगात या पिठाचं वजन चीजपेक्षा जास्तच भरतं. खाणारा आधी पारी खातो, मग चीज. पारी बेचव निघाली तर आत कितीही भारी चीज असो, नग ताटलीत अर्धा उरतो.

‘व्हेनेझुएलाचा पदार्थ, तेव्हा मक्याचं पीठ हवं’

हा गैरसमज अरेपामुळे झालाय. तिथली रोजची भाकरी म्हणजे अरेपा, ती मक्याचीच, आणि १९६० साली बाजारात आलेल्या ‘हारिना पान’ या शिजवून वाळवलेल्या मक्याच्या पिठानं ती घरोघरी सोपी केली. तेकेन्योला मात्र मैदाच लागतो. मक्यात गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे पट्टी ताणून गुंडाळायला गेलं की तुटते. पिकलेल्या केळ्याच्या पिठाचे वगैरे नवे प्रकार निघालेत, पण मूळ पदार्थ गव्हाचाच.

‘पनीर चालेल की’

चालेल, पण मग तो पनीर रोल झाला. तिथलं चीज आणि आपलं पनीर दिसायला सारखं पांढरं असलं तरी जन्म वेगळा. पनीर करताना दूध आधी चांगलं तापवतात आणि मग लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडतात. तापवताना दुधातली व्हे प्रथिनं केसिनला चिकटून बसतात, म्हणून पनीर कितीही गरम केलं तरी वितळत नाही. व्हेनेझुएलातलं पांढरं चीज, म्हणजे केसो ब्लांको, कोमट दुधात रेनेट नावाचं विकर घालून विरजतात. त्याची रचना अशी असते की उष्णतेनं ते मऊ पडतं, थोडं ताणतं, पण पाण्यासारखं वाहत नाही. तेकेन्योला नेमकं हेच हवं.

आपल्याकडे ते चीज सहसा मिळत नाही. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे पिझ्झासाठी विकतात तो कमी ओलाव्याचा मोझरेलाचा ठोकळा. किसलेला नको, त्याच्या कांड्या पाडता येत नाहीत. पाण्यात बुडवून विकतात ते ताजं मोझरेला तर अजिबात नको. प्रोसेस्ड चीजमध्ये ते एकसारखं वितळावं म्हणून क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते पातळ होऊन पहिल्या फटीतून बाहेर पळतं. हलुमी हे चीज त्याच्या बरोबर उलट. ते खारट असतं, चव चांगली लागते, पण तार येत नाही. मला तर तार नसलेला पण खारट नग तार असलेल्या अळणी नगापेक्षा बरा वाटतो. आपल्याकडचं मोझरेला बहुधा अळणी असतं. कांड्यांवर मीठ भुरभुरून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्या आणि सुटलेलं पाणी टिपून घ्यावं.

शाकाहारी पाहुणे असतील तर दोन गोष्टी बघाव्यात. पारंपरिक पिठात अंडं असतं. ते गाळून तेवढं दूध घातलं तरी चालतं. आणि रेनेट जनावराचंही असू शकतं, म्हणून चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना, ते पाहावं.

‘मोहन जितकं जास्त तितका खुसखुशीतपणा’

इथे मराठी हात हटकून चुकतो. करंजीची सवय असते, म्हणून कडकडीत तुपाचं भरपूर मोहन घातलं जातं. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणांवर चढला की ग्लुटेनचे धागे आखूड राहतात आणि पारी खुसखुशीत होते. करंजीत सारण कोरडं असल्यामुळे पारीला एखादी भेग गेली तरी निभावतं. तेकेन्योत आत वितळणारं चीज आणि त्यातलं पाणी. पाण्याची वाफ होते, ती वाट शोधते, आणि सगळ्यात कमजोर जागी पारी फाडून बाहेर येते. मागोमाग चीज. तेकेन्यो फुटतो तो असा.

म्हणून पारी लवचीक हवी. २५० ग्रॅम मैद्याला ५० ग्रॅमच्या आसपास लोणी, तेही न तापवता, मऊ असताना चोळून. एक अंडं, पाऊण चमचा मीठ, एक चमचा साखर आणि लागेल तसं थंड पाणी. पुरीच्या पिठापेक्षा मऊ, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट असा गोळा मळून झाकून किमान अर्धा तास ठेवायचा. ही विश्रांती चुकवू नये. लगेच लाटायला घेतलं तर पट्टी रबरासारखी आखडते, ती ओढून ताणून गुंडाळली की तेलात पुन्हा आखडते आणि वेटोळ्यांमध्ये फटी पडतात.

पोळी अडीच-तीन मिलिमीटर जाड लाटून कातणानं दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्या. कांडी आठ सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर जाड, आणि कोरडी असावी. आता खरं काम. पट्टीचं टोक कांडीच्या तोंडावरून आडवं घेऊन ते तोंड आधी पूर्ण बंद करायचं. मग पट्टी तिरकी धरून कांडी फिरवत न्यायची, प्रत्येक वेटोळं आधीच्या वेटोळ्यावर एक तृतीयांश तरी चढलं पाहिजे. दुसऱ्या तोंडाला पुन्हा पट्टी दुमडून, पाण्याचं बोट लावून चिमटायची. झालेला नग उजेडात धरून फिरवून बघावा. टाचणीच्या टोकाएवढं पांढरं दिसलं तरी तिथे पिठाचं ठिगळ लावावं, तेलाच्या नजरेतून ते सुटत नाही. एवढ्या पिठात पंचवीस-एक नग होतात.

‘तळण्याआधी फ्रीजरमधून काढून नरम होऊ द्यावेत’

उलट. व्हेनेझुएलात कच्चे तेकेन्योस गोठवलेल्या पाकिटांत सर्रास मिळतात आणि ते तसेच तळतात. बाहेर ठेवून नरम केले की पारीवर दव धरतं, ती चिकट होते आणि तेल उडतं. गोठलेलं चीज वितळायला वेळ घेतं, तोवर पारी शिजून घट्ट होते, हाच तर फायदा. घरी केलेले नगही तळण्याआधी निदान अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावेत.

तेल साधारण १७५ अंशांवर असावं. थर्मामीटर नसेल तर पिठाची गोळी टाकून बघावी: तळाशी जाऊन बुडबुड्यांसकट सावकाश वर आली तर तेल झालं. लगेच उसळून वर आली आणि तांबूस झाली तर आच कमी करा, नाहीतर पारी बाहेरून करपून आत कच्ची राहते. एका वेळी पाच-सहाच नग सोडावेत. गोठलेले दहा-बारा एकदम सोडले की तेल थंड पडतं, नग तेल पितात, आणि यजमान चीजला दोष देतो. तीन-चार मिनिटं झाऱ्यानं फिरवत तळायचे. बुडबुड्यांचा एकसारखा आवाज मोडून मध्येच फडफड ऐकू आली की कुठल्यातरी नगाचं तोंड उघडलं. तो ताबडतोब काढून घ्यावा.

ओव्हनमध्येही होतात. मग ते चीज भरलेल्या पावासारखे लागतात. वाईट नाही, पण तेकेन्यो म्हणू नये.

जन्मकथेबद्दल लोक छातीठोकपणे एकच गोष्ट सांगतात, पण खुद्द व्हेनेझुएलात त्याबद्दल एकमत नाही. काराकासजवळच्या लोस तेकेस या मिरांडा राज्याच्या राजधानीशी पदार्थाचं नाव जोडलेलं आहे, इतपत बहुतेक मान्य करतात. एका कथेत तिथल्या घरी तो पहिल्यांदा झाला. दुसरीत तिथून रेल्वेनं येणारे विक्रेते तो काराकासला आणत. १८९४ मध्ये सुरू झालेली काराकास-वालेन्सिया रेल्वे लोस तेकेसवरून जायची, त्यामुळे दुसरी कथा ऐकायला गोड लागते, पुरावा मात्र होत नाही. पेरूतही तेकेन्योस मिळतात, पण तिथे वॉन्टनच्या पापुद्र्यात गुंडाळून ग्वाकामोलेबरोबर देतात. तो वेगळा पदार्थ समजावा.

सॉसबद्दल नियम नाही. अॅव्होकाडोची ग्वासाकाका, टोमॅटो केचप आणि मेयोनेजचा गुलाबी सॉस, लसणाचा सॉस, काहीही चालतं. पुष्कळ लोक नुसतेच खातात. आपल्याकडे हिरवी चटणी सुचते, पण खारट चीजवर तिचं मीठ जास्त होतं, तेव्हा ती बेतानं मिठाची करावी.

पार्टीसाठी आधी तळून ठेवणं आणि नंतर गरम करणं ही शेवटची चूक. पुन्हा तापवलेल्या तेकेन्योत चीज रबरासारखं होतं आणि पारी वातड. त्याऐवजी आठवडाभर आधी करून, ताटात सुटे सुटे गोठवून मग पिशवीत भरावेत आणि पाहुणे आल्यावर घाण्याघाण्यानं तळावेत. माणशी पाच धरले तर वीस जणांना शंभर नग, म्हणजे वरच्या मापाची चौपट आणि साधारण एक किलो चीज. तिथल्या लग्नांत तेकेन्योसच्या ताटल्या एकदाच फिरत नाहीत, नाच रंगल्यावर मध्यरात्रीनंतर पुन्हा येतात. म्हणून तीसेक नग फ्रीजरमध्ये मागे ठेवावेत आणि कढई चुलीवरून लवकर उतरवू नये.