जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन अचानक ‘मिसिंग’ का मारते?

चेन्नईहून पूर्व किनारा मार्गाने महाबलिपुरमकडे सुरळीत निघालेली जुनी स्पोर्ट्स मोटार अकस्मात अडखळू लागते. इंजिन बंद पडत नाही. मात्र त्याची लय तुटते, वेग मंदावतो आणि सायलेन्सरमधून मधूनच फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. साठ वर्षांच्या मोटारीत असे घडले की मालकाच्या मनात प्रथम इंजिन खोलण्याचाच विचार येतो. प्रत्यक्षात, अचानक उद्भवलेल्या मिसिंगचे मूळ बहुतेक वेळा इंजिनाच्या पोटात नसून एखाद्या जीर्ण तारेत अथवा बोटाएवढ्या सुट्या भागात असते. निदान चुकल्यास मात्र निष्कारण उघडलेल्या इंजिनाचे भाग पुन्हा मिळवणे कठीण होऊन बसते, कारण ते तयार करणारे कारखाने कधीच बंद झाले आहेत.

चेन्नईच्या संदर्भात या विषयाला स्थानिक इतिहास आहे. १९६१ पासून येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी ‘स्टँडर्ड हेराल्ड’ ही मोटार तयार करीत असे. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेल्या ट्रायम्फ हेराल्डची ही भारतीय आवृत्ती होय. तिचे इंजिन ९४८ घन सेंटिमीटरचे होते. याच हेराल्डची चौकट आखूड करून १९६२ मध्ये ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार ब्रिटनमध्ये सादर झाली. दोन्ही मोटारींचे रेखाटन जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन अभिकल्पकाचे होते. स्पिटफायरचे इंजिन १,१४७ घन सेंटिमीटरचे आणि त्यावर दोन कार्ब्युरेटर असले, तरी कूळ एकच. शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत सुधारलेल्या हेराल्डही धावत. पुढे १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतंत्र शर्यतमार्ग तयार झाला. त्यामुळे हेराल्डचे दुखणे ओळखता आले की स्पिटफायरचेही ओळखता येते, आणि बऱ्याच अंशी मुंबईच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचेही.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधील पेट्रोल व हवेचे मिश्रण वेळेवर न पेटणे. चार सिलिंडरच्या इंजिनाचे मिनिटाला ३,००० फेरे होत असतील, तर त्याच काळात ६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. जुन्या मोटारीत हे काम पूर्णतः यांत्रिक असते. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडला की कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह तुटतो आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. रोटर हा दाब १-३-४-२ या क्रमाने प्रत्येक प्लगकडे पोहोचवतो. पॉइंटवर प्रवाहाची ज्योत उडू नये यासाठी कंडेन्सर असतो. या साखळीतील एक कडी निसटली की ठिणगी हुकते. आधुनिक मोटारीत संगणक दोषाचा संकेतांक दाखवतो. येथे कान, डोळे व सबुरी हीच साधने होत.

निदानाचा आरंभ हत्याराने नव्हे, तर दोषाच्या लक्षणांनी व्हावा. लय ठरावीक अंतराने तुटत असल्यास दोष एकाच सिलिंडरचा असतो: प्लग, त्याची तार अथवा झडप. इंजिन अनियमित अडखळत असल्यास दोष चारही सिलिंडरना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, रोटर किंवा पेट्रोलच्या पुरवठ्यात शोधावा. दुसरी खूण आरंभाची. हळूहळू वाढत गेलेला दोष झिजेचा असतो. एका क्षणात सुरू झालेला दोष तुटण्याचा, सुटण्याचा किंवा अडकण्याचा असतो. आदल्या आठवड्यात मोटारीवर कोणते काम झाले, हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारावा. पुष्कळ बिघाड दुरुस्तीनंतरच जन्म घेतात.

हेराल्ड व स्पिटफायर यांचे बॉनेट पुढील मडगार्डांसह अखंड पुढे झुकते, त्यामुळे पुढच्या टायरवर बसून इंजिनाचे काम करता येते. इंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका प्लगची तार क्रमाने काढावी. तार काढताच इंजिन अधिक अडखळले, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी सिलिंडर सापडला. मात्र तार उष्णतारोधक व विद्युतरोधक पकडीनेच धरावी आणि काढलेल्या तारेचे टोक इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावे. ते अधांतरी राहिल्यास उच्च दाब कॉइलचे किंवा रोटरचे आवरण भेदून वाट काढतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने या कामापासून दूर राहावे. पेट्रोलची गळती असल्यास ठिणगीची चाचणी करूच नये.

ईशान्य मोसमी पावसाच्या काळात, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, चेन्नईची दमट व खारी हवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरते. टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ दिसल्यास तेथून वीज भलत्याच दिशेने वाहत आहे, असे समजावे. पुसून भागत नाही, टोपी बदलावी लागते. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाकडे पाहिल्यास जीर्ण तारांवर निळसर ठिणग्या खेळताना दिसतात. बॅटरीच्या व इंजिनाच्या अर्थिंगच्या पट्ट्या समुद्राकाठी लवकर गंजतात. त्यांकडे सहसा कोणी पाहत नाही.

या संदर्भात सर्वांत फसवा दोष वेगळाच आहे. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट ज्या पट्टीवर बसवलेला असतो, ती पट्टी व्हॅक्यूमच्या ओढीने थोडी फिरते. तिच्यासोबत एक आखूड, मऊ तार रोज हजारो वेळा वाकते. कालांतराने आतील तांबे तुटते, वरचे आवरण मात्र शाबूत राहते. मोटार उभी असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकलेली असतात व इंजिन निर्दोष चालते. रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताच पट्टी हलते, टोके दुरावतात आणि मिसिंग सुरू होते. गॅरेजमध्ये आणताच ते नाहीसे होते! मग प्लग बदलले जातात, कार्ब्युरेटर उघडला जातो, दोष तसाच राहतो. याची परीक्षा सोपी आहे. व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरपासून सोडवून तिचे तोंड बंद करावे व मोटार त्याच रस्त्यावर चालवून पाहावी. मिसिंग थांबल्यास ती तार किंवा त्या पट्टीची अर्थिंगची तार बदलावी.

इंजिन तापल्यावर सुरू होणारे आणि अर्ध्या तासाने आपोआप थांबणारे मिसिंग बहुधा कॉइलचे अथवा कंडेन्सरचे असते. कंडेन्सर निकामी झाल्यास पॉइंटची टोके काळपट निळी पडतात. मात्र चेन्नईच्या उन्हाळ्यात असेच लक्षण पेट्रोलही दाखवते: नळीतच त्याची वाफ होऊन पुरवठा तुटतो. इंजिन अडखळत असतानाच ठिणगी तपासली, तर दोन्हींतील भेद कळतो. ठिणगी निळी व जोरकस असेल, तर कॉइलला दोष देऊ नये. नवा भाग चांगलाच असतो, हाही भ्रम होय. नव्याने बनवलेल्या काही रोटरचे प्लॅस्टिक उच्च दाब सहन करू शकत नाही, आणि पन्नास वर्षांचा मूळ रोटर त्यापेक्षा सरस ठरतो.

इंधनाच्या बाबतीत अलीकडे एक नवी बाब उद्भवली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री देशात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली व २०२५ मध्ये हे प्रमाण देशभर गाठले गेले. साठच्या दशकातील रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनलेला नव्हता. रबर मऊ पडून त्याचा कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकला, तर इंधनाचा दोषही अचानक प्रकट होतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. महिनोन्‌महिने उभ्या मोटारीच्या टाकीत त्यामुळे पाणी साठू शकते. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्या बसवणे हा उपाय अल्प खर्चाचा आहे, आणि त्याची निकड केवळ मिसिंगपुरती नाही, कारण तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल मोटार भस्मसात करू शकते.

ठिणगी व इंधन दोन्ही निर्दोष आढळल्यावरच कॉम्प्रेशन मोजावे. लगतच्या दोन सिलिंडरचा दाब एकाच वेळी घसरलेला असल्यास त्यांच्यामधील हेड गॅस्केट जळालेले असण्याची शक्यता मोठी. एकाचाच घसरलेला असल्यास झडप किंवा पिस्टनच्या रिंगा. येथे मात्र इंजिन उघडण्याला पर्याय नाही.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. मात्र अशी मोटार नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ती बाहेर काढता येते. उभ्या मोटारीत पॉइंटवर गंज चढतो आणि पेट्रोल शिळे होते, म्हणून मिसिंग नेमके रॅलीच्या दिवशी डोके वर काढते. पुदुपेटच्या जुन्या बाजारातून किंवा जनरल पॅटर्स रोडवरील दुकानांतून आणलेले भाग एकाच दिवशी सगळे बदलण्याचा मोह अशा वेळी होतो. तसे केल्यास मोटार कदाचित चालेल, पण दोष कोणता होता हे कळत नाही, आणि नव्यातला एखादा भाग सदोष निघाला तर गुंता दुप्पट होतो. एका वेळी एकच भाग बदलावा, प्रत्येक बदलानंतर मोटार त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवून पाहावी, आणि काढलेला मूळ रोटर फेकून न देता हत्यारांच्या पिशवीत ठेवावा.