एक्स-रेची भीती आणि सीटीचा हट्ट

दादींना छातीचा एक्स-रे सांगितला तेव्हा घरात कुणीतरी म्हणालंच, "नको, त्यानं कॅन्सर होतो." पण बाळ पलंगावरून पडलं, तेव्हा डॉक्टर 'गरज नाही' म्हणत असतानाही आम्हीच सीटी स्कॅनचा हट्ट धरला. आमची भीती चुकीच्या जागी बसली होती.

एक्स-रेचे किरण असोत की अणुबाँबचे, अणूमधला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याची ताकद त्यांच्यात असते. आपल्या पेशीत बहुतांश पाणी. त्यावर मारा झाला की उग्र कण तयार होतात आणि डीएनएचा धागा तोडतात. कधी किरण स्वतःच तो तोडतो. या धाग्याला दोन पदर असतात. एक तुटला तर दुसऱ्याकडे पाहून पेशी तो सांधून घेते, ही सोय अल्लाहने पेशीतच ठेवली आहे. दोन्ही पदर एकाच जागी तुटले तर मात्र टोकं चुकीची जुळू शकतात. बहुतेक वेळा अशी पेशी मरते. एखादी तगते, आणि बिघाड नेमका वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकात असेल तर तिथून कॅन्सरची वाट सुरू होते. एका चुकीने भागत नाही, आणखी साचाव्या लागतात. म्हणून मध्ये वर्षं जातात.

हिरोशिमात बाँब पडला तेव्हा, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, सादाको सासाकी दोन वर्षांची होती. वरवर काही इजा दिसली नाही. मोठी झाल्यावर शाळेत धावण्यात ती पुढे असे. बाराव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला आणि १९५५च्या ऑक्टोबरात ती गेली. तिथल्या लोकांत रक्ताचा कॅन्सर दोन-तीन वर्षांतच वाढू लागला होता. स्तन, फुप्फुस, जठर यांचे कॅन्सर दहा वर्षांनी आणि त्याहून उशिरा. लहानपणी मारा बसलेल्यांना धोका अधिक.

आता दादींचा हिशेब. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. छातीच्या एक्स-रेत सुमारे ०.१, म्हणजे पंधरवड्याचा. पोटाच्या सीटीत मात्र ८ ते १०. गरज असेल तिथे सीटी जीव वाचवतो, तो टाळायचा नाही. पण दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना जुनी फिल्म घरीच विसरायची आणि पुन्हा नवा काढायचा, हे आपण सर्रास करतो. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये हे किरण नसतातच.

आणखी एक. पाळी चुकली असेल तर एक्स-रेआधी ते सांगायला आपल्याकडच्या सुना लाजतात, त्यात खोलीत पुरुष आणि बाहेर सासरे. तेव्हा सोबत गेलेल्या सासूनेच तिला आधी बाजूला घेऊन विचारावं.